ऑइल कुठं मुरतंय? जुन्या पेट्रोल गाडीची तपासणी



शेळ्यांचं लसीकरण, सोयाबीनची साठवण, खव्याची भट्टी, बँकेचा हप्ता, अशा विषयांवर आपण इथं नेहमी बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण पैशाशी त्याचं तितकंच जवळचं नातं आहे. विषय आहे गाडीचा. भूमकडचा खवा असो, आठवडी बाजारातली भाजी असो, नाहीतर नवरात्रात तुळजापूरच्या स्टॉलवर न्यायचे पापड-लोणचे असोत, आपला माल बऱ्याचदा एखाद्या जुन्या पेट्रोल व्हॅनमधून जातो. कुठं ती घरची असते, कुठं गटानं कर्ज काढून सेकंडहँड घेतलेली असते.

अशी गाडी जुनी झाली की एक वाक्य कानावर येतं, "ताई, गाडी ऑइल खाती." आणि त्याच्या मागोमाग गॅरेजमधून दुसरं वाक्य येतं, "इंजिन खोलावं लागंल." पहिलं वाक्य बहुतेक वेळा खरं असतं. दुसरं कधी खरं असतं, कधी नसतं. इंजिन खोलायचं म्हणजे गटाची कित्येक महिन्यांची बचत एका झटक्यात जाणार. म्हणून इंजिनला पाना लागण्याआधी ऑइल नक्की किती जातंय आणि कुठून जातंय, हे आपल्याला कळायला हवं. नाहीतर आजार म्हशीला आणि औषध पखालीला, अशी गत होते.

ही तपासणी अवघड नाही. त्यातली निम्म्याहून जास्त कामं वही, पेन, जुनं फडकं आणि पुठ्ठ्याचा तुकडा एवढ्यावर होतात.

आधी गाडीची ओळख

आपल्याकडं सगळ्यात जास्त ओळखीची व्हॅन म्हणजे मारुती ओम्नी. ही गाडी १९८४ साली मारुती व्हॅन या नावानं आली. १९८८ मध्ये तिचं नाव ओम्नी झालं आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ओम्नी जुनीच आहे. तिचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलेंडरचं. २०१० मध्ये आलेल्या ईकोचं इंजिन त्याहून मोठं, चार सिलेंडरचं. दोन्ही गाड्यांत इंजिन पुढच्या सीटखाली असतं. घरी जुनी अल्टो किंवा मारुती ८०० असेल, तरी आज सांगतोय ते सगळं तिलाही लागू पडतं.

इंजिनमध्ये काय चालतं ते थोडक्यात बघू. सिलेंडर म्हणजे एक गुळगुळीत नळकांडं. त्यात पिस्टन खालीवर होतो, अगदी हातपंपाच्या दट्ट्यासारखा. हातपंपाच्या दट्ट्याला वायसर असतो, तशा पिस्टनला रिंगा असतात. साधारण तीन असतात. वरच्या दोन रिंगा जळणाऱ्या पेट्रोलचा दाब खाली निसटू देत नाहीत. तिसरी, खालची, ऑइलची रिंग. नळकांड्याच्या भिंतीवर उडालेलं ऑइल ती खरवडून परत खाली, चेंबरमध्ये पाठवते. सिलेंडरच्या डोक्यावर व्हॉल्व्ह असतात. एक पेट्रोल-हवा आत घेतो, दुसरा धूर बाहेर सोडतो. व्हॉल्व्हच्या दांड्यावर रबराची छोटी टोपी असते, तिला व्हॉल्व्ह सील म्हणतात. वरचं ऑइल दांड्यावरून सिलेंडरमध्ये झिरपू नये, हे तिचं काम.

आता ऑइल कमी होण्याच्या वाटा सरळ दिसतात. एक, ते गाडीच्या बाहेर गळतं. दोन, ते आत जळतं, म्हणजे रिंगांच्या बाजूनं वर चढतं, सीलमधून खाली झिरपतं किंवा हवेच्या नळीतून ओढलं जातं. या वाटांपैकी आपली कोणती, हे शोधायचं.

पहिली पायरी : मोजा आणि लिहा

"लई ऑइल लागतं" या बोलण्याला काही अर्थ नाही. किती लागतं? आपल्या गटात दहा रुपयेसुद्धा नोंदीशिवाय इकडचे तिकडं होत नाहीत. ऑइललाही तोच नियम लावायचा.

गाडी सपाट जागेवर उभी करा. इंजिन बंद करून किमान दहा मिनिटं थांबा, म्हणजे वर गेलेलं ऑइल खाली उतरतं. सगळ्यात चांगली वेळ सकाळची, गाडी सुरू करायच्या आधी. ऑइलची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, बाहेर काढा, फडक्यानं पुसा, पूर्ण आत घाला आणि पुन्हा काढा. पट्टीवर दोन खुणा असतात. ऑइल त्या दोन खुणांच्या मध्ये हवं. पहिल्यांदा काढलेली पट्टी कधीच खरं सांगत नाही, पुसून दुसऱ्यांदा घातलेलीच वाचायची.

आता ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा. मीटरवरचे किलोमीटर आणि तारीख वहीत लिहा. पुढं दर आठवड्याला एकाच जागी, एकाच वेळी पट्टी बघा. ऑइल टाकावं लागलं तर मापानं टाका, अंदाजानं नको. घरातली पाण्याची एक लिटरची बाटली घेऊन तिच्यावर शंभर-शंभर मिलिलिटरच्या खुणा केल्या तरी भागतं. ती बाटली मात्र परत पाण्याला वापरायची नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा वरच्या खुणेपासून सुरुवात केली आणि ८०० किलोमीटर झाल्यावर परत त्याच खुणेपर्यंत आणायला ६०० मिलिलिटर लागलं. ६०० ला ८०० नं भागा, १००० नं गुणा. उत्तर ७५०. म्हणजे गाडी हजार किलोमीटरला ७५० मिलिलिटर ऑइल घेते. हा एक आकडा हातात आला की गॅरेजवाल्याशी बोलणं सोपं होतं.

थोडं ऑइल प्रत्येक इंजिन घेतं. अनेक गाडी कंपन्या हजार किलोमीटरला अर्धा ते एक लिटरपर्यंतचा वापर चालण्याजोगा धरतात, पण ती वरची मर्यादा झाली. धडधाकट छोटं इंजिन यापेक्षा खूप कमी घेतं. तुमच्या गाडीचा आकडा लिटरच्या वर गेला, किंवा दोन महिन्यांत दुप्पट झाला, तर कारण शोधायलाच हवं. आकडा कमी आणि स्थिर असेल, तर घाबरायचं कारण नाही.

इथं आणखी एक गोष्ट. वरच्या खुणेच्या वर ऑइल कधी भरू नका. "जास्त टाकलं की जास्त दिवस पुरंल" असं वाटतं, पण घडतं उलटं. जास्तीचं ऑइल इंजिनच्या फिरत्या दांड्याला लागून घुसळलं जातं, त्याला फेस येतो आणि ते नळीतून किंवा सीलमधून बाहेर पडायला लागतं. गाडी ऑइल खाते म्हणून आणखी भरायचं, आणि भरलं म्हणून ती आणखी खाते, असं चक्र सुरू होतं.

दुसरी पायरी : बाहेर गळतंय का?

गळती शोधणं सगळ्यात सोपं आणि दुरुस्तीही बहुधा स्वस्त. म्हणून आधी तीच बघायची.

रात्री गाडी लावताना इंजिनच्या खाली मोठा पुठ्ठा पसरा आणि गाडीची पुढची बाजू कुठं येते ती त्यावर लिहा. सकाळी डाग बघा. काळा-तपकिरी, बोटाला चिकट आणि गुळगुळीत लागणारा डाग इंजिन ऑइलचा. पुष्कळ दाट आणि उग्र वासाचा डाग गिअरच्या ऑइलचा असू शकतो. ते ऑइल वेगळं, त्याची जागा वेगळी. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ तेलकट ओल दिसली तर ती ब्रेक ऑइलची असू शकते. ती दिसली तर गाडी रस्त्यावर काढू नका, आधी ब्रेक तपासून घ्या. रंगीत पाणी असेल तर ते रेडिएटरचं.

पुठ्ठा कोरडा निघाला म्हणून गळती नाही, असं लगेच ठरवू नका. काही गळती फक्त इंजिन गरम आणि चालू असताना होते, आणि ऑइल गरम सायलेन्सरच्या पाइपावर पडून तिथंच जळून जातं. अशा वेळी गाडी थांबवल्यावर सीटखालून करपल्यासारखा वास येतो.

मग इंजिन थंड असताना सीट उचला आणि टॉर्च घेऊन बघा. वरून सुरुवात करा, कारण ऑइल वरून खाली उतरतं. खाली जिथं थेंब दिसतो तिथंच दोष असेल असं नाही. बघायच्या जागा अशा : इंजिनच्या डोक्यावरचं टॅपेट कव्हर आणि त्याचं पॅकिंग, ऑइल भरायचं झाकण, ऑइल फिल्टर जिथं बसतो ती कडा, ऑइल प्रेशरचा स्विच, पट्ट्याच्या बाजूचं सील, चेंबरची कडा आणि चेंबरखालचा ऑइल काढायचा बोल्ट. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडतात त्या सांध्याच्या तळातून ऑइल टपकत असेल तर मागचं सील गेलेलं असू शकतं. त्याला मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून खर्च वाढतो.

इंजिन सगळंच मळलेलं असेल तर काही कळत नाही. तेव्हा थंड इंजिन रॉकेलच्या फडक्यानं पुसून घ्या, कोरडं होऊन वास जाऊ द्या, आणि शंका असलेल्या जागेवर अंगाला लावायची पावडर हलकी भुरभुरा. एक फेरी मारून या. पावडरीवर ओला ओघळ कुठून सुरू झाला ते स्पष्ट दिसतं.

एक सावधगिरी पाळाच. इंजिन चालू असताना वाकून बघायची वेळ आली तर पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, बांगड्या मागं सारा, वेणी बांधा. फिरत्या पट्ट्याला कपडा अडकायला क्षणही लागत नाही.

तिसरी पायरी : धुराकडं बघा

गळती नाही आणि ऑइल तर कमी होतंय, म्हणजे ते आत जळतंय. जळणारं ऑइल धुरातून दिसतं. ही तपासणी मोकळ्या अंगणातच करायची, बंद शेडमध्ये कधीच नाही. गाडीच्या धुरातला विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, पण जीव घेतो.

धुराचे रंग असे ओळखा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, त्याचा ऑइलशी संबंध नाही. थंडीत सकाळी थोडी पांढरी वाफ निघते आणि इंजिन तापलं की थांबते, ती साधी वाफ. पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर पाणी सिलेंडरमध्ये शिरतंय. तो वेगळा आणि गंभीर आजार.

निळा धूर दिसला, तर पुढचा प्रश्न, तो कधी दिसतो? सगळ्यात जास्त माहिती याच उत्तरातून मिळते.

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केल्याबरोबर निळ्या धुराचा भपका येतो आणि मिनिटाभरात थांबतो. याचा अर्थ व्हॉल्व्ह सील कडक झाली आहेत. रबर उष्णतेनं कडक होतं, आणि आपल्याकडचा उन्हाळा तर पारा चाळीसच्या वर नेतो. रात्रभर वरचं ऑइल थेंब-थेंब खाली उतरतं आणि सकाळी एकदम जळतं.

घाट उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असतो, गाडी गिअरमध्ये असते, आणि खाली आल्यावर पुन्हा रेस दिली की मागं निळा ढग उठतो. हेही लक्षण व्हॉल्व्हच्या सीलचं किंवा गाइडचं. नारळपाण्याची नळी बोटानं दाबून चोखली तर ओढ किती वाढते, आठवतं ना? तसंच ॲक्सिलरेटर सोडल्यावर हवेची वाट जवळजवळ बंद होते आणि इंजिन जोरात ओढ घेतं. त्या ओढीनं ऑइल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून आत येतं. तुळजापूरहून सोलापूरकडं घाट उतरून गेलात, की मागच्या गाडीवाल्याला विचारा काय दिसलं ते.

आता उलट बघा. सोलापूरकडून माल भरून तुळजापूरचा घाट चढताना, इंजिनवर जोर असताना, सतत निळा धूर राहतो. सोबत गाडीची ताकद कमी झालेली जाणवते, ॲव्हरेजही पडलेलं असतं. हे लक्षण रिंगांचं. रिंगा झिजल्या किंवा काजळीनं जागेवरच अडकल्या, तर ऑइल वर चढतं.

धूर डोळ्यांना नीट दिसत नसेल तर सायलेन्सरच्या तोंडापासून हातभर लांब पांढरा कागद धरा आणि दुसऱ्या बाईला रेस द्यायला सांगा. कागदावर तेलकट ठिपके उमटले तर ऑइल येतंय. कोरडी काजळी पडली तर ती पेट्रोलची.

चौथी पायरी : नळी, झाकण आणि प्लग

टॅपेट कव्हरपासून एअर फिल्टरकडं एक रबरी नळी जाते. इंजिनच्या पोटातली वाफ या नळीतून बाहेर पडते. चुलीच्या धुराड्यासारखंच हे काम. नळी किंवा तिच्यातला व्हॉल्व्ह तुंबला तर आतला दाब वाढतो आणि ऑइल जिथून वाट मिळेल तिथून ढकललं जातं. चांगली सीलंसुद्धा मग गळायला लागतात. म्हणून सील बदलण्याआधी ही नळी काढून साफ करून घ्या. नळी बदलायला फार पैसे लागत नाहीत.

नळी साफ आहे, तरी एअर फिल्टर ऑइलनं भिजलेला दिसतो का? तसं असेल तर इंजिन चालू ठेवून, रेस न देता, ऑइल भरायचं झाकण हळूच उघडा. हलकी फुंकर येणं ठीक. पण भकभक धूर बाहेर पडत असेल, झाकण थडथड उडत असेल, तर जळलेल्या पेट्रोलचा दाब रिंगांच्या बाजूनं खाली उतरतोय.

झाकणाच्या आतल्या बाजूलाही बघा. सायीसारखा पिवळसर-पांढरा थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी मिसळतंय. फक्त जवळजवळच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत, थंडीत, वाफेमुळं थोडा थर येतो. पण पट्टीवरचं ऑइलही दुधाळ दिसलं तर गाडी चालवूच नका.

जुन्या कार्बोरेटरवाल्या गाड्यांत आणखी एक गंमत होते. पट्टीवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढतं! ऑइलचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर पेट्रोल पंपाचा आतला पडदा फाटून पेट्रोल चेंबरमध्ये उतरत असू शकतं. वरवर सगळं भरलेलं दिसतं, पण ते ऑइल पातळ झालेलं असतं, इंजिनला सांभाळत नाही. शिवाय आगीचाही धोका. अशी गाडी सुरू न करता मिस्त्रीला बोलवा.

मग प्लग. मिस्त्रीला सगळे प्लग काढायला सांगा आणि कोणता कुठल्या सिलेंडरचा, त्या क्रमानं कागदावर मांडायला सांगा. विटकरी किंवा राखाडी, कोरडा प्लग म्हणजे सिलेंडर बरा. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओला, काळा, तेलकट प्लग म्हणजे त्या सिलेंडरमध्ये ऑइल येतंय. तीनपैकी एकच प्लग तेलकट असेल तर दोष त्या एका सिलेंडरचा, हेही कळलं.

पाचवी पायरी : कॉम्प्रेशन तपासणी

इथपर्यंत सगळं आपल्या हातातलं होतं. ही शेवटची तपासणी गॅरेजमध्ये होते, पण ती मागून घ्यायचा आपला हक्क आहे. प्लगच्या जागी दाब मोजायचं घड्याळ लावतात, स्टार्टर फिरवतात आणि प्रत्येक सिलेंडरचा आकडा घेतात. सगळे आकडे एकमेकांच्या जवळपास हवेत. एखादा खूप खाली असेल तर त्या सिलेंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. ऑइल टाकल्यावर आकडा चांगलाच वाढला, तर दोष रिंगा-सिलेंडरचा, कारण त्या ऑइलनं फट तात्पुरती बुजवली. आकडा वाढला नाही, तर दोष व्हॉल्व्हकडं किंवा हेडच्या पॅकिंगकडं. सगळे आकडे वहीत लिहून घ्या.

एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. ऑइलची रिंग तिसरी, खालची. ती काजळीनं अडकली आणि वरच्या दोन ठीक असल्या, तर कॉम्प्रेशन चांगलं येतं आणि तरीही ऑइल जळतं. म्हणून फक्त या एका तपासणीवर निर्णय नको. धूर, प्लग, झाकण आणि कॉम्प्रेशन, चारही साक्षी एकत्र वाचायच्या.

मग काम काढायचं का?

गटाच्या बैठकीत हा प्रश्न आकडे घेऊन मांडा. मघाचंच उदाहरण घेऊ. गाडी हजार किलोमीटरला ७५० मिलिलिटर खाते आणि महिन्याला १५०० किलोमीटर चालते. म्हणजे महिन्याला ११२५ मिलिलिटर ऑइल. समजा ऑइल ४०० रुपये लिटर, तर महिन्याला ४५० रुपये, वर्षाला ५४०० रुपये. समजा इंजिनच्या कामाला २७,००० रुपये सांगितले. नुसत्या ऑइलच्या बचतीतून ते पैसे निघायला पाच वर्षं लागतील. हे दर फक्त हिशेब कळावा म्हणून घेतलेत. तुमच्या गावचे खरे दर घालून हाच हिशेब करा.

हिशेबात आणखी दोन गोष्टी धरा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. ती वेळ जवळ आली असेल तर तोही खर्च समोर ठेवा. आणि दुसरं, ऑइल जळणारी गाडी पीयूसीत अडू शकते, तिचे प्लग वरचेवर खराब होतात. प्लग दर महिन्याला बदलावे लागत असतील, गाडी घाटात माल ओढत नसेल, तर काम टाळण्यात शहाणपण नाही.

काम काढायचं ठरलं तर स्वस्तापासून सुरुवात. आधी नळी आणि पॅकिंग, मग सील, मग व्हॉल्व्ह सील, आणि सगळ्यात शेवटी रिंगा. रिंगा बदलायच्या म्हटल्यावर सिलेंडर किती झिजलाय ते माप घेतलंच पाहिजे. झिजलेल्या सिलेंडरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घातल्या तर थोड्याच दिवसांत गाडी परत ऑइल खायला लागते आणि दुहेरी खर्च होतो.

मिस्त्रीला चार प्रश्न विचारा : दोष कुठं आहे आणि तो कशावरून ठरवला? कोणते पार्ट बदलणार? पार्ट आणि मजुरीचा वेगवेगळा अंदाज लिहून देणार का? काढलेले जुने पार्ट परत देणार का? चांगला मिस्त्री या प्रश्नांना रागवत नाही. उलट समोरच्याकडं नोंदी आहेत म्हटल्यावर त्याचंही काम सोपं होतं. मोठ्या कामासाठी दुसऱ्या गॅरेजचंही मत घ्या, ठराव करा आणि बिल फायलीला लावा.

तोवर गाडी सांभाळायची कशी?

काम लगेच काढायचं नसेल तरी गाडी चालवता येते, पण शिस्तीनं. पट्टी आठवड्यातून एकदा, आणि लांबच्या फेरीआधी प्रत्येक वेळी बघा. एक लिटरचा सीलबंद डबा गाडीत ठेवा. ऑइल कंपनीच्या पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचंच घ्या. सुटं, स्वस्त, गाळलेलं ऑइल घेऊ नका. वरून टाकत राहिलात तरी ठरलेल्या किलोमीटरला जुनं ऑइल काढून फिल्टरसकट बदलावंच लागतं.

"ही बाटली टाका, धूर बंद" असं सांगणारे भेटतील. दाट ऑइलनं किंवा अशा औषधानं धूर काही दिवस झाकला जातो, झिजलेली रिंग मात्र भरून येत नाही. गाडी विकत घेताना हे विशेष लक्षात ठेवा. विकणाऱ्याला सांगा, आम्ही सकाळी लवकर येतो, आम्ही आल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. थंड इंजिनचा पहिला धूर आपणच बघायचा.

चालत्या गाडीत ऑइलच्या किटलीचा लाल दिवा लागला तर पुढचं गाव गाठायचा विचार करू नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन लगेच बंद करा. तो दिवा ऑइलचा दाब गेल्याचं सांगतो. तसंच चार-पाच किलोमीटर दामटलं तर दुरुस्त होण्याजोगं इंजिनही जाम होऊन बसतं.

आणि काढलेलं काळं ऑइल? आपल्याकडं ते लाकडाला वाळवीसाठी लावतात, कुणी जनावराच्या जखमेलाही लावतं. जखमेला मुळीच लावू नका. जळलेल्या ऑइलमध्ये शिशासारखे धातू आणि कर्करोग करणारी द्रव्यं असतात. ते विहिरीजवळ, ओढ्यात, बांधावर ओतू नका. डब्यात भरून, जुनं ऑइल रीतसर गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. हाताला लागलं तर साबणानं धुवा.

मैत्रिणींनो, उद्या सकाळी करायचं काम एवढंच. गाडी सुरू करायच्या आधी पट्टी बघा, मीटरचा आकडा वहीत लिहा, आणि रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका. महिन्याभरानं बैठकीत ती वही उघडा. "गाडी ऑइल खाती" या वाक्यापुढं तेव्हा किती, कुठून आणि कधीपासून, हे तिन्ही लिहिलेलं असेल, आणि पैसे खर्च करायचे की नाहीत हे गट स्वतः ठरवू शकेल.

आज इथंच थांबतो. पुढच्या भागात पुन्हा भेटू. नमस्कार.